स्टीलची वाटी गार, पोळपाट कोमट: स्पर्शाच्या गारव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात शाळेच्या मुलांना ‘उष्णता’ शिकवताना ज्या प्रश्नांवर वर्ग हमखास अडतो, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही नवी मुंबईत नवं घर घेऊन फरशी निवडत असलेल्या मंडळींचे. पाठ्यपुस्तकात उत्तर एका ओळीत मिळतं: धातू उष्णतेचे सुवाहक असतात म्हणून गार लागतात. ओळ बरोबर आहे, पण अपुरी आहे. तिच्यावर थांबलेल्या मुलाला अॅल्युमिनियमची फॉइल गार का लागत नाही हे सांगता येत नाही.

ओट्यावर रात्रभर शेजारी शेजारी ठेवलेली स्टीलची वाटी आणि पोळपाट. सकाळी वाटीच गार लागते. म्हणजे ती जास्त गार असते ना?

नाही. रात्रभर एकाच हवेत पडून राहिलेल्या कोरड्या वस्तू त्या हवेच्या तापमानाला येऊन थांबतात. खोलीत २३ अंश सेल्सिअस असेल तर वाटीही २३ आणि पोळपाटही २३. जवळ शेगडी पेटलेली नको, खिडकीतून ऊन पडायला नको आणि वस्तू ओली नको, एवढ्या अटी पाळल्या की थर्मामीटर दोघांसाठी एकच आकडा दाखवतो.

मग हात खोटं सांगतो का?

हात खरं सांगतो, फक्त ते वाटीबद्दल नसतं. गारवा ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आपल्या त्वचेच्या आत आहेत. त्यांना कळतं ते त्वचेचं तापमान, आणि ते किती झपाट्याने घसरतंय हे. शरीराच्या आत ३७ अंश असले तरी हाताची त्वचा साधारण ३२ ते ३४ अंशांवर असते. बोट २३ अंशांच्या वस्तूवर टेकलं की उष्णता बोटातून वस्तूकडे निघते. ती किती वेगाने निघून जाईल हे वस्तू ठरवते, आणि आपल्याला जो गारवा जाणवतो तो या वेगाचा असतो.

संध्याकाळी ठाणे स्टेशनवर गाडी रिकामी होते तेव्हाचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. पूल रुंद असेल तर गर्दी भराभर वर चढून पांगते आणि फलाट मोकळा होतो. पूल अरुंद असेल तर जिन्याच्या तोंडाशीच माणसं साचतात आणि मागच्यांना पाऊल टाकायला जागा उरत नाही. लाकडात बोटाखाली नेमकं हेच होतं. बोटातून आलेली थोडी उष्णता तिथेच साचते, तेवढा ठिपका गरम होतो आणि बोटातून आणखी उष्णता निघायचं कारणच उरत नाही. धातूत ती लगेच सगळीकडे पसरते, बोटाखालची जागा गारच राहते आणि बोट उष्णता गमावत राहतं.

म्हणजे उष्णतावाहकता जास्त, तर गारवा जास्त. इतकंच?

इथेच एकओळी उत्तर कमी पडतं. तीन गुण एकत्र काम करतात: उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्माधारकता. पहिला गुण उष्णता पुढे सरकवतो. उरलेले दोघे मिळून ठरवतात की त्या पदार्थाचा एवढासा भाग एक अंशाने तापवायला किती उष्णता लागेल. तिघांचा गुणाकार करून वर्गमूळ घेतलं की जी संख्या येते तिला थर्मल इफ्युसिव्हिटी म्हणतात. स्पर्शाच्या पहिल्या क्षणाचा सगळा हिशेब या एका संख्येत बसतो, आणि तरी शाळेत ती कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. दहावीच्या मुलाला गुणाकार आणि वर्गमूळ दोन्ही येतं.

एसआय एककांत काढलेले ढोबळ आकडे असे आहेत. थर्मोकोल ३०. लाकूड ४००. माणसाची त्वचा साधारण १२००. काच १४००. व्हिट्रिफाइड टाइल १५०० च्या आसपास. पाणी १६००. ग्रॅनाइट आणि संगमरवर २४००. स्टेनलेस स्टील ७७००. अॅल्युमिनियम २४,०००. तांबं ३७,०००. लाकडाच्या आणि दगडाच्या जातीप्रमाणे हे मागेपुढे होतात, क्रम मात्र बदलत नाही. या यादीत त्वचा मध्येच कुठेतरी बसली आहे हे ध्यानात ठेवा. त्वचेहून बरीच खाली असलेली वस्तू उबदार भासते, बरीच वर असलेली गार.

या आकड्यांवरून नेमकं काय काढता येतं?

स्पर्श होताच दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथलं तापमान काढता येतं. ते दोघांच्या मध्ये कुठेतरी येतं, आणि ज्याची इफ्युसिव्हिटी मोठी त्याच्याकडे जास्त झुकतं. त्वचा ३३ अंश आणि खोली २३ अंश धरू. थर्मोकोलला बोट लावलं तर स्पर्शाच्या जागी सुमारे ३२.८ अंश राहतात, म्हणजे जवळजवळ काहीच बदललं नाही. लाकडाला ३०.५. काचेला २७.६. ग्रॅनाइटच्या ओट्याला २६.३. स्टीलला २४.३. तांब्याला २३.३.

सगळ्या वस्तू २३ अंशांच्याच आहेत, तरी बोटाचा पृष्ठभाग लाकडावर अडीच अंश उतरतो आणि स्टीलवर जवळजवळ नऊ. तळहाताला अंशाच्या छोट्याशा भागाइतकाही झटकन झालेला बदल कळतो. तेव्हा अडीच आणि नऊ यांत त्याला केवढा फरक वाटत असेल ते पाहा.

तांबं स्टीलपेक्षा पंचवीसपट चांगलं वाहक आहे असं वाचलं. मग तांब्याचा हंडा स्टीलच्या पिंपापेक्षा पंचवीसपट गार का लागत नाही?

वरचेच आकडे पुन्हा पाहा. स्टीलवर बोट २४.३ ला पोचलं, तांब्यावर २३.३ ला. दोघांत जेमतेम एक अंश. खोलीच २३ अंशांची आहे, त्यामुळे कितीही उत्तम वाहक घेतला तरी बोट त्याखाली जाऊच शकत नाही. स्टीलने या मजलेतला बहुतेक भाग आधीच संपवलेला असतो. म्हणूनच डोळे मिटून लाकूड आणि धातू कुणीही ओळखतो, पण पितळ की तांबं हे नुसत्या गारव्यावरून सांगणं अवघड जातं.

जाडी मात्र जाणवते. स्टीलची पातळ वाटी हातात धरून ठेवली तर थोड्या वेळात कोमट होते, कारण तिच्यात उष्णता साठवायला धातूच थोडा आहे. लोखंडी खलबत्ता बराच वेळ गार राहतो.

डब्यातली पोळी गुंडाळतो ती फॉइल धातूचीच आहे. ती गार का लागत नाही?

फॉइलची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. अॅल्युमिनियममध्ये उष्णता पहिल्या सेकंदात साधारण एक सेंटिमीटर आत शिरू शकते, स्टीलमध्ये दोन मिलिमीटर, लाकडात अर्धा मिलिमीटरही नाही. फॉइलमध्ये शिरायला जागाच नाही. बोट लागताच ती बोटाच्या तापमानाला येते, आणि पुढे काय जाणवेल ते फॉइलच्या पाठीमागे काय आहे त्यावर ठरतं. पोळपाटावर ताणून बसवलेली फॉइल लाकडासारखी लागते. तीच बिडाच्या तव्यावर घट्ट दाबून बसवली तर तव्यासारखी. मुलांना हे करायला द्या, वर्ग लगेच बोलका होतो.

दोन्हींचं तापमान सारखं असतं यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास बसत नाही. कसं पटवू?

बर्फाने. फ्रीजच्या एकाच ट्रेमधले दोन सारखे खडे घ्या. एक लाकडी पोळपाटावर ठेवा आणि एक जाड बुडाच्या जर्मनच्या कढईत किंवा बिडाच्या तव्यावर. दोन्ही वस्तू आधी काही तास त्याच खोलीत ठेवलेल्या हव्यात. खडे ठेवण्याआधी सगळ्यांना हात लावून पाहू द्या आणि कुठला बर्फ आधी वितळेल ते विचारा. बहुतेक जण पोळपाट म्हणतील, कारण तो ‘उबदार’ लागतो.

प्रत्यक्षात धातूवरचा खडा झपाट्याने पाणी होतो आणि पोळपाटावरचा तसाच बसून राहतो. कढई खरंच जास्त गार असती तर उलटं झालं असतं. जी कढई तुमच्या बोटातून उष्णता पळवते, तीच बर्फाला उष्णता आणून देते. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, आणि धातू ती वाट दोन्ही दिशांनी सारखीच मोकळी ठेवतो. तोंडी सांगून न पटलेली माणसं हे पाहून गप्प होतात, आणि मग खरे प्रश्न विचारू लागतात.

कोविडच्या काळात घेतलेलं लांबून मोजायचं थर्मामीटर आहे. त्याने मोजलं तर चालेल?

चालेल, पण एक फसगत टाळा. ते यंत्र वस्तूतून येणारे अवरक्त किरण मोजतं. चकचकीत स्टील स्वतःचे किरण फार कमी सोडतं आणि भोवतालचे परावर्तित करतं. त्यामुळे स्टीलसमोर धरलं की ते तुमच्या हाताचं किंवा छताचं तापमान सांगू लागतं. उपाय सोपा आहे: इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी वाटीवरही लावा, पोळपाटावरही लावा, थोडा वेळ जाऊ द्या आणि दोन्हीकडे पट्टीवरच नेम धरा. यंत्रात ताप मोजायची आणि वस्तू मोजायची अशा दोन सोयी असतील तर वस्तूची निवडा, नाहीतर खोलीचं तापमान त्याच्या कक्षेबाहेर जातं.

मे महिन्यात लोकलमधला दांडा गार का लागत नाही?

कारण तेव्हा डब्यातली हवाच ३४-३५ अंशांवर गेलेली असते. दांडा आणि तळहात एकाच तापमानाचे असले की उष्णता कुठेच जात नाही, मग दांडा स्टीलचा असो की लाकडाचा, दोन्ही सारखेच लागतात. खोलीचं तापमान त्वचेएवढं झालं की हा सगळा खेळ थांबतो. त्याही वर गेलं की उलटा होतो: तोच दांडा आता हातात उष्णता ओततो आणि लाकडाहून गरम लागतो. घामेजून एसी लोकलमध्ये चढलात की पुन्हा पहिला नियम लागू. तिथे दांडा डब्यातल्या हवेएवढाच गार आहे, पण त्याला धरलेला ओला हात जास्त गारठतो, कारण त्वचा आणि धातू यांच्यामधल्या हवेच्या बारीक फटी घामाने भरून निघतात आणि उष्णतेला वाट मिळते.

उन्हात तापलेल्या वस्तूंचंही असंच का?

अगदी असंच, आणि इथे ते जिवाशी येतं. ६५ अंशांपर्यंत तापलेल्या स्टीलला हात लागला तर त्वचेचा पृष्ठभाग क्षणात ६० अंशांच्या वर जातो. त्याच ६५ अंशांच्या लाकडाला लागला तर ४१ च्या आसपास थांबतो. पहिल्यात भाजतं, दुसऱ्यात नुसता चटका जाणवतो आणि हात मागे घ्यायला वेळ मिळतो. कुकरच्या मुठी बेकलाइटच्या आणि उलथन्याची मूठ लाकडाची का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

लहान मुलं घेऊन दुपारी बागेत जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. खारघर असो, नेरूळ असो की ठाण्यातली एखाद्या सोसायटीची बाग असो, धातूच्या घसरगुंडीवर मुलाला बसवण्याआधी तुमच्या हाताची मागची बाजू तिला लावून बघा. शेजारचं लाकडी बाकडं बसण्याजोगं आहे म्हणून घसरगुंडीही तशीच असेल असं समजू नका. दोन्ही सारखी तापली असली तरी मुलाच्या त्वचेवर परिणाम सारखा होत नाही.

आमचं घर तळमजल्यावर आहे. फरशी हवेइतकीच गार असते हे मला पटत नाही.

तुमची शंका रास्त आहे. ‘एकाच तापमानाच्या’ हा नियम रात्रभर एका हवेत पडलेल्या छोट्या वस्तूंचा. फरशी छोटी वस्तू नव्हे. तळमजल्याची फरशी थेट जमिनीला टेकलेली असते आणि जमीन हवेएवढी भराभर तापत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात ती हवेपेक्षा खरोखरच काही अंशांनी गार असू शकते. गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, तिथे भिंतीही हवेपेक्षा गरम लागतात. तलावपाळीच्या दगडी कठड्यावर सूर्य मावळल्यानंतर बसून पाहा. वारा गार, दगड मात्र अजून उबदार. दगडाने दिवसभराचं ऊन साठवलेलं असतं.

फरशी हवेपेक्षा गार असल्याचा पुरावा ठाणेकरांना पावसाळ्याच्या तोंडावर आपोआप मिळतो. जूनमध्ये दमट वारं आत आलं की तळमजल्याच्या फरशीला घाम सुटतो, पोछा मारला तरी पुन्हा ओल. हे पाणी जमिनीतूनच आलं असं नाही, पुष्कळदा हवेतलं बाष्प फरशीवर साकळलेलं असतं. त्या दिवसांत हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, २५ अंशांच्या आसपास असतो, आणि फरशी त्याहून खाली असेल तरच असं होतं. तेव्हा दुपारी खिडक्या उघड्या ठेवून फरशी वाळवायचा प्रयत्न केला तर ओल वाढते, हे अनेक घरांना उशिरा कळतं.

नव्या घरात संगमरवर घालू, व्हिट्रिफाइड की लाकडी फरशी? पायाला गार काय लागेल?

पहिलं पाऊल टेकतं तेव्हाचा क्रम इफ्युसिव्हिटीने ठरतो: संगमरवर आणि ग्रॅनाइट सर्वांत गार, शहाबादी आणि कोटा त्यांच्या जवळपास, व्हिट्रिफाइड थोडी कमी, लाकडी बरीच कोमट. गुळगुळीत पॉलिश केलेला दगड खडबडीत दगडापेक्षा गार लागतो, कारण तळव्याचा जास्त भाग त्याला प्रत्यक्ष टेकतो.

जास्त वेळ उभं राहिलात तर वरच्या थरापुरतं हे राहत नाही. दहा मिनिटांत उष्णता दगडात दोन-अडीच सेंटिमीटर खोल जाते, म्हणजे टाइल ओलांडून खालच्या सिमेंटपर्यंत. ओट्यापाशी तासभर उभं राहणाऱ्या बाईच्या पायांना टाइलच्या ब्रँडपेक्षा पायाखालच्या पायपुसण्याने जास्त फरक पडतो. ठाण्याच्या हवेत वर्षातले बहुतेक महिने गार फरशी सुखाचीच वाटते, म्हणून माझं मत दगड किंवा टाइलच्या बाजूने आहे. घरात फार वयस्कर माणूस असेल तर त्यांच्या पलंगाशेजारी जाड सतरंजी टाका.

गार फरशीवर झोपल्याने सर्दी होते का?

सर्दी विषाणूंमुळे होते, फरशीमुळे नाही. पण फरशी शरीरातली उष्णता ओढत राहते हे खरं आहे, आणि तान्ही बाळं व म्हातारी माणसं ती भरून काढायला कमी पडतात. जानेवारीत पहाटे ठाण्यात पारा १७-१८ अंशांवर येतो तेव्हा त्यांना थेट फरशीवर झोपवू नये. चटई, घोंगडी, गोधडी यांपैकी काहीही चालेल. या सगळ्यांत काम करते ती विणीत अडकलेली हवा, आणि हवेची उष्णतावाहकता पाण्याच्या चोविसाव्या भागाएवढीच आहे.

म्हणजे लोकर आणि गोधडी मुळात गरम नसतात?

नसतात. त्या उष्णता निर्माण करत नाहीत, तुमची तुमच्यापाशी ठेवतात. त्याच गोधडीत बर्फाची लादी गुंडाळली तर ती जास्त वेळ टिकते. मासे विकणाऱ्यांना हे पोत्यावरून आणि थर्मोकोलच्या खोक्यावरून ठाऊक असतं.

माठ? तोही हाताला गार लागतो.

माठाची गोष्ट निराळी आहे, तो खरोखरच गार असतो. पाणी मातीतून झिरपून बाहेर येतं आणि वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. एक किलो पाणी असं उडून जायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि तिचा मोठा हिस्सा माठातल्या पाण्यातून येतो. थर्मामीटर बुडवलात तर हवेपेक्षा कमी आकडा दिसेल. विदर्भात मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून तिथला माठ आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ जास्त गार होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या खाडीच्या दमट हवेत वाफ व्हायला जागा कमी, त्यामुळे आपल्याकडे माठ खिडकीत, वाऱ्याच्या झोतात ठेवावा. ओला कपडा गुंडाळला तर आणखी बरं.

आणि पंख्याखाली ठेवलेलं भांडं?

कोरडं असेल तर त्याचं तापमान पंख्याने खोलीपेक्षा खाली जात नाही. पंखा आपल्याला गार करतो कारण आपल्याला घाम येतो आणि अंगाभोवती आपणच तापवलेला हवेचा थर असतो. भांड्याला दोन्ही नाही.

बाम लावला की गार वाटतं. तो खरंच गार करतो का?

इथे वस्तू बाजूलाच राहते आणि मज्जातंतूच थेट हलवला जातो. गारवा ओळखणाऱ्या पेशींवर टीआरपीएम८ नावाचं प्रथिन असतं. तापमान साधारण २५ ते २८ अंशांच्या खाली गेलं की ते उघडतं आणि मेंदूला निरोप जातो. बाममधलं आणि पेपरमिंटमधलं मेन्थॉल हेच प्रथिन उघडतं, तापमान न उतरताही. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मेन्थॉलचाच उपयोग करून हे प्रथिन शोधलं, २००२ साली ते प्रसिद्ध झालं, आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. ज्युलियस यांनी त्याआधी १९९७ मध्ये मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारं प्रथिन शोधलं होतं. तेच प्रथिन ४३ अंशांच्या आसपासच्या दाहक उष्णतेलाही उघडतं. ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजतं’ तेव्हा मेंदूला आलेला निरोप खऱ्या चटक्याचाच असतो.

गार नाणं जड लागतं हे खरं आहे?

खरं आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवलं होतं. सारख्या वजनाची दोन नाणी, एक गार आणि एक कोमट, कुणाच्या तरी कपाळावर ठेवून विचारा.

धातू जास्त गार नसतो, नुसता तसा लागतो, हे पहिल्यांदा कुणी ओळखलं?

पहिला माणूस कोण हे ठरवणं कठीण, पण एक जुनं आणि अगदी स्वच्छ निरीक्षण बेंजामिन फ्रँकलिन यांचं आहे. १७५७ मध्ये जॉन लायनिंग यांना लिहिलेल्या पत्रात ते आपल्या मेजाबद्दल आणि त्याच्या कुलपाबद्दल लिहितात: दोन्ही एकाच हवेत आहेत, म्हणजे सारखेच गार आहेत, तरी लाकडावरून हात कुलपावर नेला की ते फार गार लागतं, कारण धातू हातातली उष्णता जास्त चांगली वाहून नेतो. उष्णता वस्तूतून कशी पसरते याचं गणित फ्रान्सच्या जोसेफ फूरिए यांनी १८२२ मध्ये मांडलं. वर दिलेले स्पर्शाचे आकडे त्याच गणितातून निघतात.

त्याहीआधी, सतराव्या शतकात, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी एक प्रश्न पुढे ठेवला होता, तो आजही पाच मिनिटांत करून बघता येतो. एक हात गरम पाण्यात, दुसरा बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, मग दोन्ही एकाच साध्या पाण्याच्या बादलीत घाला. तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागतं.

सराफाकडे हिरा तपासायला पेनासारखं यंत्र लावतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. हिऱ्याची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पाचपट आहे, क्युबिक झिर्कोनिया या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्याची त्याच्या पासंगालाही पुरत नाही. यंत्राचं टोक किंचित गरम असतं, ते खड्यावर टेकवून उष्णता किती झटकन निघून जाते हे पाहतात. मॉइसनाइट नावाचा खडा, जो सिलिकॉन कार्बाइडचा असतो, हिऱ्याइतकी नसली तरी उष्णता इतकी छान वाहतो की नुसत्या उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला फसवतो. म्हणून चांगले सराफ विद्युतवाहकताही तपासतात. खडा ओठाला लावून गारव्यावरून हिरा ओळखता येतो असं काही जण म्हणतात. त्यावर पैसे लावू नका. अंगठीतला खडा इतका छोटा असतो की फॉइलसारखाच लगेच ओठाच्या तापमानाला येतो.

मुलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यावर काहीतरी करायचंय. काय सुचवाल?

तक्ता रंगवून ‘सुवाहक-दुर्वाहक’ लिहिण्यापेक्षा तिला मोजायला सांगा. ग्रॅनाइटचा आणि काचेचा तुकडा, लाकडी फळी, थर्मोकोलची लादी आणि जाड धातूची पट्टी जमवा. काचेच्या आणि दगडाच्या दुकानांत कापून उरलेले तुकडे मिळतात, कडा घासून घ्या. सगळे तुकडे जवळपास सारख्या जाडीचे, निदान दोन सेंटिमीटरचे असावेत. तेवढी जाड धातूची पट्टी फॅब्रिकेशनच्या कारखान्यात विचारा, काच तेवढी जाड नाही मिळाली तर दोन-तीन तुकडे एकमेकांवर घट्ट ठेवून चालवून घ्या. आदल्या रात्री सगळं एका खोलीत ठेवा, पंखा बंद.

सकाळी आधी दहा जणांना डोळे बांधून तुकडे गारव्याच्या क्रमाने लावायला सांगा आणि प्रत्येकाचा क्रम लिहून ठेवा. दोन स्पर्शांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, नाहीतर आधीच्या तुकड्याने गारठलेला हात पुढच्याबद्दल चुकीचं सांगतो. मग प्रत्येक तुकड्यावर बर्फाचा सारखा खडा ठेवून वितळायला लागलेला वेळ मोजा. हातांनी लावलेला क्रम आणि बर्फाने लावलेला क्रम शेजारी शेजारी मांडा. काच आणि ग्रॅनाइट यांच्यात माणसांचं एकमत होत नाही असं तिला कदाचित दिसेल. तसं दिसलं तर ते खोडून न टाकता तसंच लिहायला सांगा, आणि परीक्षकांनी कारण विचारलं तर १४०० आणि २४०० हे दोन आकडे दाखवायला सांगा.